परदेशी पेढी, वऱ्हाडी माणूस आणि 'संस्कृती'चे शास्त्र

अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथे केंद्र सरकारच्या 'पी. एम. मित्र' योजनेखाली वस्त्रोद्योगाचे एक विस्तीर्ण संकुल उभे राहू घातले आहे. देशातील अशा सात संकुलांत अमरावतीची निवड मार्च २०२३ मध्ये झाली, आणि २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्याच्या समारंभातून पंतप्रधानांनी त्याची कोनशिला बसवली. हजार एकरांच्या आसपास जमीन, सूतकताईपासून तयार कपड्यांपर्यंतचे सगळे कारखाने एका जागी, आणि 'फार्म'पासून 'फॉरेन'पर्यंतची अखंड साखळी, असे त्याचे वर्णन केले जाते. परकीय भांडवलाला आवतण देणे हा या योजनेच्या उघड उद्दिष्टांपैकी एक आहे. म्हणजे आज ना उद्या परदेशी मालक, त्याचे व्यवस्थापक आणि वऱ्हाडातील कामगार समोरासमोर येणार.

अशा भेटीसाठी व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यालयांत एक स्वतंत्र विद्या शिकवली जाते. वेगवेगळ्या राष्ट्रांच्या संस्कृती वेगवेगळ्या असतात. जपानी माणूस स्पष्ट नकार देत नाही, जर्मन माणूस नियमाबाहेर जात नाही, भारतीय माणूस साहेबाच्या तोंडावर मतभेद व्यक्त करीत नाही. व्यवस्थापकाने हे फरक ओळखले की संस्थेतील कलह टळतात, असा त्या विद्येचा सारांश. या प्रतिपादनात तथ्य मुळीच नाही असे म्हणणे हटवादीपणाचे होईल. माणसे वेगळ्या रीतीभातींत वाढतात आणि त्याचा परिणाम त्यांच्या कामावर होतो, हे कोणीही मान्य करील. प्रश्न असा आहे की, परदेशी पेढी आणि इथला माणूस यांच्यातील खरा व्यवहार ज्यावर ठरतो, ती गोष्ट हे शास्त्र पाहते की झाकते?

या शास्त्राचा पाया ज्या ग्रंथाने घातला तो डच संशोधक गीर्ट हॉफस्टेड यांचा. आय. बी. एम. या अमेरिकन कंपनीच्या निरनिराळ्या देशांतील नोकरांकडून १९६७ ते १९७३ या काळात लाखावर प्रश्नपत्रिका भरून घेण्यात आल्या आणि त्यांवरून १९८० साली हॉफस्टेड यांनी चाळीस देशांच्या संस्कृतींना गुण दिले. 'सत्तेचे अंतर', म्हणजे वरच्याची सत्ता खालच्याने किती निमूटपणे स्वीकारावी याची मोजणी, भारताच्या बाबतीत ७७ भरली. पुढे ब्रेंडन मॅक्स्वीनी यांच्यासारख्या टीकाकारांनी विचारले की, एका कंपनीच्या नोकरांवरून एका राष्ट्राचे मन कसे कळावे? हा आक्षेप रास्त आहे. परंतु भारताच्या संदर्भात त्याहून बोलकी घटना दुसरीच आहे. ज्या कंपनीच्या कागदांवरून भारताला ७७ गुण मिळाले, ती कंपनी १९७८ साली भारत सोडून गेली. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याप्रमाणे परकीय भागभांडवल चाळीस टक्क्यांपर्यंत उतरवावे, असा आग्रह जनता सरकारने आणि त्याचे उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनी धरला. कंपनीला तो मानवला नाही. दोन संस्कृतींतला गैरसमज तिथे कुठेच नव्हता. दोन्ही पक्षांना एकमेकांचे म्हणणे उत्तम समजले होते. वाद मालकीचा होता, आणि मालकीला गुण देणारा रकाना त्या प्रश्नपत्रिकेत नव्हता.

वऱ्हाडला या विषयाचे धडे घेण्यासाठी हॉलंडपर्यंत जाण्याची गरज नाही. या भूमीने परदेशी पेढ्यांचा कारभार दीडशे वर्षांहून अधिक काळ पाहिला आहे. १८५३ च्या तहाने निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला तेव्हा इथला कापूस बैलांच्या तांड्यांवर लादून थेट गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे आली, आणि १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धाने लँकेशायरचा अमेरिकन कापूस तोडला. त्या काही वर्षांत अमरावती, अकोला, खामगाव ही नावे लिव्हरपूलच्या बाजारात पोचली. उमरावती या जुन्या नावावरून 'ऊमरा' हे कापसाच्या एका प्रतीचेच नाव पडले. ज्या शेतकऱ्याने जिल्ह्याबाहेर पाऊल टाकले नव्हते, त्याच्या गावचे नाव दलालांच्या दरपत्रकात रोज छापले जात होते. मात्र तो दर त्याला विचारून ठरत नव्हता.

इंग्रजांना लांब धाग्याचा कापूस हवा होता. १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धात मध्य प्रांत व वऱ्हाडसाठी रिव्हेट-कार्नाक नावाचा खास कापूस आयुक्त नेमण्यात आला. परकी बियाणे आणि लांब धाग्याच्या जाती रुजवण्याचे त्या काळातले प्रयत्न शेतकऱ्यांनी फारसे मनावर घेतले नाहीत. आखूड धाग्याची देशी जात जास्त उतारा देई, पावसाच्या लहरीत टिके. सरकारी अहवालांनी या नकाराला रयतेचे अज्ञान आणि रूढिप्रियता म्हटले. आजच्या परिभाषेत त्याला 'सांस्कृतिक अडथळा' म्हणतील. वस्तुतः ते साधे अर्थशास्त्र होते, आणि शेतकऱ्याचा हिशेब बरोबर होता हे इतर परकीयांनीच सिद्ध केले. लँकेशायरने नाक मुरडलेला हाच आखूड धाग्याचा माल युरोपखंडातील गिरण्यांनी, आणि पुढे फार मोठ्या प्रमाणावर जपानी गिरण्यांनी उचलला. जपान्यांनी निरनिराळ्या देशांचा कापूस एकत्र करून सूत काढण्याचे तंत्र बसवले होते. इंग्रजाने वऱ्हाडच्या मातीकडून आपल्या यंत्राला जुळणाऱ्या कापसाची अपेक्षा केली. जपान्याने आपले यंत्र वऱ्हाडच्या कापसाशी जुळवून घेतले. कोणाला कोणाशी जुळवून घ्यावे लागते, या प्रश्नात कारभाराचे पुष्कळसे शास्त्र सामावलेले आहे.

खरेदीला उतरलेल्या पेढ्याही निरनिराळ्या देशांच्या होत्या. रॅली ब्रदर्स ही मूळच्या ग्रीक कुटुंबाची, लंडनहून चालणारी. फोल्कार्ट ब्रदर्स ही १८५१ साली स्वित्झर्लंडमधील विंटरथुर आणि मुंबई या दोन्ही गावी एकाच वेळी स्थापन झालेली. विसाव्या शतकात त्यांत तोयो मेंका, गोशो, निप्पॉन मेंका या जपानी पेढ्यांची भर पडली. त्यांनी तर मुंबईच्या बाजारावर न विसंबता अंतर्भागातल्या पेठांत थेट खरेदीची ठाणी घातली. अमरावतीत 'रॅलीज प्लॉट' हे वस्तीचे नाव आजही प्रचारात आहे. तिथे राहणाऱ्या कितीजणांना ते एका ग्रीक आडनावाचे आहे याची कल्पना असेल, कोणास ठाऊक. ग्रीक, स्विस, जपानी: तीन संस्कृती, तीन भाषा, तीन धर्म. व्यवस्थापनशास्त्राच्या हिशेबाने त्यांच्या कारभाराच्या तीन तऱ्हा दिसायला हव्या होत्या.

तपशिलात फरक होतेही. पण मूळ रचना सगळ्यांची सारखीच निघाली. वरच्या जागा दीर्घकाळपर्यंत पेढीच्या मायदेशी माणसांच्या हाती. मधे दलाल, अडत्या, मुकादम. खाली गाडी घेऊन रात्रभर पेठेत बसलेला शेतकरी, जिनात सरकी काढणाऱ्या बाया आणि प्रेसवर गाठी बांधणारे हमाल. साहेबाला मराठी येत नव्हती आणि येण्याची फारशी गरजही नव्हती. परक्या संस्कृतीत कसे वागावे हा प्रश्न पेढीने स्वतः सोडवलाच नाही. तो दलालाच्या गळ्यात घातला आणि त्याबरोबर जोखीमही घातली. सौदा बुडाला, माल ओला निघाला, वायद्याचा भाव फिरला, तर तो भार दलालाने खाली सरकवायचा आणि अखेरीस तो गाडीवाल्यावर जाऊन बसायचा.

हा भार खाली कसा सरकत असे ते पेठेतल्या रिवाजांवरून कळते. हातावर रुमाल टाकून बोटांच्या खुणांनी भाव ठरवण्याची हत्त्याची पद्धत सर्वत्र रूढ होती. ज्याचा कापूस त्यालाच भाव शेवटी कळावा, अशी तिची सोय. मग कडता, अडत, तोलाई, हमाली, धर्मादाय, नमुन्यासाठी उचललेला मूठभर कापूस, अशा एकामागून एक कपाती. बाहेरच्या निरीक्षकाला हे सारे 'स्थानिक व्यापारी संस्कृती' वाटले असते, आणि पेढीनेही तसेच म्हणून हात झटकले असते. पण ही संस्कृती जिच्या पथ्यावर पडत होती ती वरची पेढी होती. रिवाज देशी होता आणि नफ्याचा काही भाग विंटरथुर, लंडन आणि ओसाका येथे जात होता. स्थानिक रूढीचा आदर हे तत्त्व ऐकायला उदार वाटते. कोणती रूढी आणि कोणाच्या फायद्याची, हे विचारल्याखेरीज त्याचा अर्थ लागत नाही.

याच विषयातले सर्वांत बोचरे उदाहरण मुंबईच्या कापड गिरण्यांचे आहे. तिथल्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नसे, कारण कांडीतला तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि इतर कामगारांना त्यात विटाळ दिसे. विणकाम खात्याचे वेतन जास्त. मालकांत पारशी होते, हिंदू होते, युरोपियनही होते. आपण कामगारांच्या चालीरीतींत ढवळाढवळ करीत नाही, एवढे म्हणून त्या सर्वांची या व्यवस्थेला मूक संमती होती. डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न उघडपणे मांडला तेव्हा कामगार पुढाऱ्यांचीही पंचाईत झाली, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. संस्कृतीचा आदर करणारा व्यवस्थापक इथे जातीचा चौकीदार ठरला होता.

वऱ्हाडच्या पेठेत बदल झाला तो कोणत्या साहेबाला मराठी शिकवल्यामुळे झाला नाही. १८८६ साली कारंजा येथे हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमाने पहिली नियंत्रित कापूसपेठ सुरू झाली. १८९७ साली वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. भारतातील नियंत्रित बाजारपेठांचा इतिहास इथूनच सुरू होतो, आणि १९२८ च्या शेतकी कमिशनने वऱ्हाडचे उदाहरण साऱ्या देशापुढे ठेवले. या कायद्यामागचा हेतू सर्वस्वी शेतकऱ्याच्या कळवळ्याचा होता असे नाही; गिरण्यांना स्वच्छ माल आणि बिनतंट्याची खरेदी हवी होती, आणि बाजार समित्यांत दीर्घकाळ व्यापाऱ्यांचाच वरचष्मा राहिला. तरीही वजनमाप, दलालाचा परवाना आणि कपातींवर काही बंधन आले ते कायद्यानेच. ग्रीक असो वा जपानी, तराजू सर्वांना सारखा झाला.

कायद्याच्या कक्षेबाहेर जे राहिले ते मात्र जसेच्या तसे राहिले. १९३३ साली हिंदुस्थान सरकारने ब्रिटिशेतर कापडावरील जकात ७५ टक्क्यांवर नेली, तेव्हा जपानी गिरणीमालकांनी हिंदी कापसाच्या खरेदीवर बहिष्कार घातला. जानेवारी १९३४ च्या सुमारास तडजोड झाली: जपानने ठरावीक गाठी घ्याव्यात, त्या प्रमाणात त्याचे कापड इथे यावे. जगव्यापी मंदीने आधीच पिचलेल्या वऱ्हाडी शेतकऱ्याचे या दोन्ही निर्णयांत मत घेण्याचे कोणाला सुचले नाही. अकोल्याच्या पेठेतला जपानी खरेदीदार कदाचित अत्यंत नम्र आणि इथल्या रीतीभाती जाणणारा गृहस्थ असेल. ओसाकाहून तार आली की त्याची खरेदी थांबत होती.

मूर्तिजापूरवरून एकीकडे यवतमाळ आणि दुसरीकडे अचलपूर गाठणाऱ्या शकुंतला रेल्वेची कथाही याच जातीची. कापूस वाहण्यासाठी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात टाकलेला हा अरुंद लोहमार्ग किलिक निक्सन या ब्रिटिश व्यवस्थापक पेढीच्या कंपनीच्या मालकीचा. देशातील रेल्वे राष्ट्राच्या झाल्या तरी हा मार्ग करारानुसार खाजगीच राहिला, आणि रेल्वे खाते स्वतःच्या गाड्या चालवून त्याचे भाडे भरीत राहिले. त्यावरचे मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावले. गाडीत बसणारा प्रवासी वऱ्हाडी, चालक भारतीय, आणि मालकी एका जुन्या कागदात. पेढ्यांची पुढची पिढीही पाहण्यासारखी आहे. फोल्कार्टच्या आयात-अभियांत्रिकी धंद्यातून १९५४ साली टाटांच्या भागीदारीत व्होल्टास निघाली आणि आता अकोल्याच्या उन्हाळ्यात ज्यांना परवडते त्यांना गारवा विकते. रॅलीज इंडिया टाटांकडे आली आणि तिचा कीटकनाशकांचा कारखाना अकोल्याच्या औद्योगिक वसाहतीत उभा राहिला. ज्या नावाची पेढी शेतकऱ्याचा कापूस घेत होती, त्याच नावाची कंपनी त्याला फवारणीचे औषध देते. दोन्ही वेळा दर शेतकरी ठरवत नाही.

आता आजच्या परदेशी मालकाकडे वळू. जपानी व्यवस्थापनाची ख्याती जगभर आहे: आजन्म नोकरी, ज्येष्ठतेनुसार वेतन, कंपनीपुरती संघटना आणि सहमतीने निर्णय. ही त्यांची संस्कृती, असे शिकवले जाते. मग ही संस्कृती हरियाणातील मानेसरला पोचता पोचता कुठे हरवली? तिथल्या मारुती सुझुकीच्या कारखान्यात कंत्राटी कामगार नियमित कामगाराच्या शेजारी कमी वेतनावर तेच काम करीत होते. २०११ साली कामगारांनी स्वतंत्र संघटना मागितली तेव्हा कारखान्यात पाऊल ठेवण्याआधी सद्वर्तनाच्या हमीपत्रावर सही करण्याची अट घालण्यात आली. १८ जुलै २०१२ च्या हिंसाचारात एका व्यवस्थापन अधिकाऱ्याचा बळी गेला. शेकडोंच्या नोकऱ्या गेल्या, आणि २०१७ साली तेरा कामगारांना जन्मठेप झाली. त्या मृत्यूचे समर्थन कोणताही समाजवादी करणार नाही. पण आजन्म नोकरीची हमी समुद्र ओलांडून आली नाही आणि कंपनीपुरत्या संघटनेचा आग्रह मात्र आला, ही निवड संस्कृतीने केली असे कसे म्हणावे? जर्मनीचेही तसेच. तिथे १९५२ पासून कारखान्यात कामगारांचे निवडलेले मंडळ आहे, आणि १९७६ च्या कायद्याने दोन हजारांहून अधिक कामगारांच्या कंपन्यांत देखरेख मंडळाच्या निम्म्या जागा कामगारांच्या. तो जर्मन स्वभावाचा गुण नव्हे. तो कामगार चळवळीने मिळवलेला कायदा आहे. म्हणूनच जर्मन कंपनी दुसऱ्या देशात गेली की तो मायदेशीच राहतो.

भारतीय कायदाही या बाबतीत अगदी कोरा नव्हता. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या तिसऱ्या कलमात शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात मालक-कामगारांची संयुक्त समिती नेमण्याची तरतूद होती. बहुतेक ठिकाणी ती कागदावर राहिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेत ही समिती आहे, तक्रार निवारण समितीही आहे. पण त्याच संहितेने कामगारकपातीसाठी सरकारची परवानगी लागण्याची मर्यादा शंभरावरून तीनशे कामगारांवर नेली आणि प्रत्येक संपाआधी चौदा दिवसांची नोटीस बंधनकारक केली. बोलायला टेबल दिले आणि खुर्ची काढून घेतली, असा हा प्रकार.

नांदगाव पेठेच्या कारखान्यांत कामाला येणाऱ्या प्रामुख्याने स्त्रिया असतील. तयार कपड्यांच्या धंद्याचा सर्वत्र तोच अनुभव आहे. त्यांत आसपासच्या खेड्यांतल्या वऱ्हाडी बोलणाऱ्या असतील, अचलपूर-अकोल्याच्या उर्दू बोलणाऱ्या असतील, आणि मेळघाटातून उतरलेल्या कोरकू मुलीही असतील, ज्यांची मातृभाषा मराठीच्या कुळातली नाही. हॉफस्टेड यांच्या तक्त्यात या सर्वजणींना मिळून एकच आकडा आहे. त्या आकड्याचा सोयीस्कर अर्थ असा निघेल की, या बायका वरिष्ठांपुढे बोलत नाहीत, तो त्यांच्या संस्कृतीचा भाग आहे. कंत्राटदाराच्या गाडीतून रात्री घरी सोडली जाणारी मुलगी मुकादमापुढे बोलत नाही, कारण उद्या तिला गाडीत घेतले जाणार नाही. तामिळनाडूच्या सूतगिरण्यांत 'सुमंगली' नावाने मुलींना तीन-तीन वर्षे वसतिगृहात ठेवून, अखेरीस एकरकमी पैसे देण्याच्या बोलीवर राबवण्यात आले. लग्नाच्या खर्चाच्या 'संस्कृती'चा किती बारकाईने अभ्यास त्यामागे होता!

राष्ट्रांच्या सीमा ओलांडणारा कारभार माणुसकीने चालू शकतो याचीही उदाहरणे आहेत आणि ती दडवण्याचे कारण नाही. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळची राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेंहून अधिक कामगार मेले. त्यानंतर युरोप-अमेरिकेतील कपड्यांच्या कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यात इमारत व अग्निसुरक्षेचा करार झाला. आधीची वर्षानुवर्षांची स्वेच्छेची आचारसंहिता आणि हा करार यांतला भेद एकच: हा न्यायालयात बजावता येत होता. भारतात २०२२ साली दिंडिगुल येथे, एका तरुण दलित कामगार स्त्रीच्या हत्येनंतर, स्त्रियांच्या नेतृत्वाखालील तामिळनाडूच्या कामगार संघटनेने कारखानदाराशी आणि त्याच्याकडून माल घेणाऱ्या एच. अँड एम., गॅप यांसारख्या परदेशी कंपन्यांशी बंधनकारक करार केला. छळाची तक्रार सोडवली गेली नाही तर कारखान्याच्या मागण्यांवर परिणाम होतो, अशी त्यातली तरतूद आहे. स्वीडिश खरेदीदार आणि तामिळ मजूरस्त्री यांना एकमेकींची भाषा येत नाही; कराराची भाषा दोघींनाही समजते.

परदेशी व्यवस्थापकांसाठी भारतीय संस्कृतीचे वर्ग भरतील तेव्हा भरोत. त्याला विरोध करण्यात अर्थ नाही. पण सार्वजनिक जमीन, सवलतीची वीज आणि पाणी ज्या संकुलाला मिळणार, तिथला भूखंड देताना सरकार अटी घालू शकते. नेमणुकीचे पत्र मराठीत असावे, आणि ज्यांना मराठी वाचता येत नाही त्यांना ते त्यांच्या बोलीत साक्षीदारांसमोर वाचून दाखवावे. कंत्राटी आणि नियमित कामगाराला एका कामाचे एकच वेतन असावे. संयुक्त समिती गुप्त मतदानाने निवडलेली असावी आणि तिच्यात स्त्रिया त्यांच्या संख्येच्या प्रमाणात असाव्यात. माल घेणाऱ्या परदेशी कंपनीने दिंडिगुलच्या धर्तीवर करारावर सही करावी. आणि ज्यांच्या कापसावर हे सारे उभे राहणार त्या अमरावती-अकोल्याच्या शेतकऱ्यांचे प्रतिनिधी संकुलाच्या नियामक मंडळात असावेत. राज्याने १९७२ ते २००२ या काळात एकाधिकार कापूस खरेदी चालवली, तिच्यात दोष पुष्कळ होते, भ्रष्टाचारही होता. तरी भावाबद्दल कोणाला जाब विचारायचा हे शेतकऱ्याला ठाऊक होते. यांतल्या बहुतेक अटींसाठी नवा कायदा लागत नाही. भूखंडाचे पत्र महाराष्ट्राच्या औद्योगिक विकास महामंडळाच्या सहीने निघते, आणि त्यात वीज-पाण्याच्या दराशेजारी आणखी पाच ओळी मावतात.